नामवंत ग्राहक दुकानात येतो तेव्हा

दुकानात काम करणाऱ्या वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या वेळी त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पत्रलेखकांची, त्यांच्या दुकानांची आणि त्यांच्याकडे आलेल्या ग्राहकांची नावे गाळली आहेत, आणि प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील एका साडीच्या दुकानात मी विक्रीचे काम करते. ऐन लग्नसराईत एक प्रसिद्ध मालिका-अभिनेत्री आपल्या आईबरोबर पैठणी घ्यायला आल्या. तोंडाला मास्क होता, तरी मी त्यांना ओळखले. पण तसे काही न बोलता साड्या दाखवू लागले. तेवढ्यात आमचे शेठ गल्ल्यावरून उठून आले, मालिकेतल्या नावाने त्यांना मोठ्याने हाक मारली, चहा मागवला आणि सगळ्या मुलींना फोटोसाठी बोलावले. शेजारी आमच्या एक नेहमीच्या काकू मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला बसल्या होत्या. त्यांना साड्या दाखवणारी मुलगीही उठून आली, आणि काकू वाट पाहून निघून गेल्या. थोड्या वेळाने ‘पुन्हा येते’ असे म्हणून अभिनेत्रीही गेल्या. शेठ म्हणतात, मी ओळख दाखवली नाही, त्याचा त्यांना राग आला. माझे चुकले का?

उत्तर : तुमचे चुकलेले नाही. जी बाई मास्क लावून, आईला सोबत घेऊन, गर्दीच्या दिवशी दुकानात शिरते, तिने आपली इच्छा न बोलता सांगितलेली असते. तुम्ही ती ओळखलीत आणि कामाला लागलात. हेच करायचे असते. ओळखूनही न ओळखल्यासारखे करणे म्हणजे फसवणूक, असे काहींना वाटते. पण तुम्ही खोटे काहीच बोलला नाहीत. त्यांनी स्वतःहून विषय काढला असता, तर ‘हो ताई, आल्या आल्याच ओळखले’ असे हसून सांगण्यात काहीच अडचण नव्हती. तो विषय काढायचा की नाही, हे मात्र त्यांनी ठरवायचे, दुकानाने नव्हे.

मालिकेतल्या नावाने हाक मारण्याबद्दल थोडे अधिक लिहितो. रोज रात्री आपल्या घरात दिसणारा चेहरा आपल्याच माणसाचा वाटू लागतो, आणि त्या आपुलकीतच अशी हाक मारली जाते, यात शंका नाही. परंतु भूमिका हे त्या बाईंचे काम आहे आणि तुमच्या दुकानात त्या कामावर आलेल्या नव्हत्या. शिवाय मोठ्याने घेतलेले नाव दुकानातल्या प्रत्येकाच्या कानावर पडते, माना वळतात, मोबाइल बाहेर येतात, आणि त्या क्षणापासून साडी बघणे बाजूला राहून स्वतःला सांभाळणे हेच त्या ग्राहकाचे काम होऊन बसते. अशा वेळी ‘ताई’ किंवा ‘मॅडम’ एवढेच संबोधन पुरेसे असते; आईंना ‘काकू’ किंवा ‘मावशी’ म्हणावे, जसे इतर कोणाच्याही आईला म्हणाल.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यांची आई, आणि तिच्याकडे दुकानात कोणाचेच लक्ष गेले नाही. मायलेकी मिळून पैठणी बघायला येतात तेव्हा निर्णय बहुधा आईचा असतो. कधी साडीच आईसाठी असते. पहिले प्रश्न नेहमीचेच असायला हवेत : कोणासाठी हवी, कोणत्या कार्याला, आणि साधारण कोणत्या किमतीपर्यंत पाहायची. तिसरा प्रश्न नामवंतांना विचारायचा संकोच वाटतो आणि तिथेच घोटाळा होतो. माणूस प्रसिद्ध आहे म्हणजे त्याला सर्वांत महागडीच साडी हवी, असे गृहीत धरून पहिलीच घडी लाखाची मोडली जाते. अनेक माणसे पाहत असताना ‘यापेक्षा कमी किमतीची दाखवा’ असे म्हणणे प्रसिद्ध माणसाला आपल्यापेक्षा कितीतरी अवघड जाते, आणि मग ते ‘पुन्हा येते’ म्हणतात. किमतीची चिठ्ठी साडीवर सहज दिसेल अशी ठेवा, आकडा हलक्या आवाजात सांगा आणि त्यांनी सांगितलेल्या किमतीपासूनच सुरुवात करा.

त्यानंतर मात्र आपली कला दाखवायला संकोच करू नये. येवल्याची हातमागाची पैठणी असेल, तर पदर गादीवर पूर्ण पसरावा, बांगडी-मोर किंवा आसावलीची नक्षी उजेडात धरावी, आणि मग पदर उलटा करून मागची बाजूही दाखवावी. हातमागावर गुंफलेला पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, तर यंत्रावरच्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबत असतात किंवा ते कापल्याच्या खुणा असतात. आईंनी त्यावरून बोट फिरवले, धाग्याविषयी विचारले, की समजावे की त्या आता साडीत रमल्या आहेत आणि त्यांना कोणीही मध्ये अडवता कामा नये. चहा विचारावा, पण घडी मोडलेली असताना कप गादीवर आणू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता त्या काकूंविषयी. माझ्या मते त्या दिवशी दुकानाचे खरे नुकसान तिथे झाले. लग्नाचा बस्ता म्हणजे नवरीच्या शालूपासून मानपानाच्या साड्यांपर्यंतची खरेदी, आणि ती समाधानाने झाली तर त्या घरची पुढची कार्येही त्याच दुकानात येतात. अभिनेत्री आल्यावर काकूंपुढची मुलगी जागची हलायलाच नको होती. नामवंत ग्राहकाला एकाच व्यक्तीने साड्या दाखवाव्यात, बाकीच्यांनी आपापल्या गिऱ्हाइकापुढे बसून राहावे. त्यात दोघांचाही मान राहतो, कारण काकूंना डावलले जात नाही आणि अभिनेत्रींभोवती गर्दी होत नाही.

मुंबईत १९४८ साली सुरू झालेल्या आणि २०१८ साली बंद झालेल्या स्ट्रँड बुक स्टॉल या पुस्तकांच्या दुकानाची आठवण इथे सांगावीशी वाटते. त्याचे संस्थापक टी. एन. शानभाग यांना तरुणपणी एका पुस्तकाच्या दुकानात पुस्तके चाळली म्हणून अपमान सोसावा लागला होता, आणि कोणीही येऊन मोकळेपणाने पुस्तके हाताळू शकेल असे दुकान काढायचे, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्यासारखी माणसे तिथे ग्राहक होती आणि खिशात जेमतेम पैसे असलेले विद्यार्थीही होते. शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली. मोठी माणसे त्या दुकानाकडे का वळत राहिली, याचे उत्तर मला त्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीत दिसते. जिथे साध्या ग्राहकाला निवांतपणा मिळतो, तिथेच प्रसिद्ध माणसालाही तो मिळण्याची शाश्वती असते.

शेठजींशी बोलायचे असेल, तर दुकान उघडण्यापूर्वीची वेळ निवडा. त्या दिवशी काय चुकले, याचा पाढा वाचू नका. ‘पुन्हा कोणी असे आले तर एकीनेच दाखवावे, बाकीच्यांनी जागा सोडू नये, फोटोची विनंती बिल झाल्यावर फक्त तुम्ही करावी आणि त्यांनी नको म्हटले तर विषय तिथेच संपवावा, असे ठरवू या का?’ एवढेच विचारा. शेठ गल्ल्यावरून उठून आले ते आनंदाने आणि आदरातिथ्याच्या हेतूने, हे ध्यानात ठेवून बोललात तर ते ऐकतील, असे वाटते.

प्रश्न : कोल्हापुरात आमचे चपलांचे पिढीजात दुकान आहे. एका नावाजलेल्या क्रिकेटपटूने आमच्याकडून कोल्हापुरी चपला घेतल्या आणि माझ्याबरोबर आनंदाने फोटोही काढून दिला. तो फोटो दुकानावर फ्लेक्स करून लावावा आणि इन्स्टाग्रामवर जाहिरातीत वापरावा, असे मुलाचे म्हणणे आहे. फोटो त्यांच्या संमतीनेच काढला आहे, तर हरकत कोणाची?

उत्तर : हरकत त्यांची असू शकते, आणि ती कायद्याला धरून असेल. बरोबर उभे राहून फोटो काढू देणे ही एक संमती झाली. त्या फोटोवर दुकान चालवणे ही वेगळी संमती आहे आणि ती तुम्ही घेतलेली नाही. एखाद्याचे नाव किंवा छबी त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग ठरतो, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच आर. राजगोपाल खटल्यात मांडली आहे. पुढे २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

दुकानदारांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा असा एक निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. अमिताभ आणि जया बच्चन यांनी टायटन कंपनीच्या तनिष्क दागिन्यांची जाहिरात केली होती. मुझफ्फरनगर येथील एका सराफाने त्यांच्या छबीचा तोच फलक आपल्या दुकानासाठी लावला. टायटनने दावा केला आणि २०१२ साली निकाल सराफाच्या विरोधात गेला. प्रसिद्ध माणसाची ओळख कोठे, कशी आणि कोणासाठी वापरायची हे ठरवण्याचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, आणि करार करून त्याने तो दुसऱ्याला दिला असेल तर त्या दुसऱ्याचाही असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. तुमच्या क्रिकेटपटूचा एखाद्या पादत्राणांच्या कंपनीशी करार असू शकतो, हे लक्षात घ्या. तसे असेल, तर तुमच्या फ्लेक्समुळे तुमच्याबरोबर तेही अडचणीत येतील. आणि ज्या माणसाने आपुलकीने तुमच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्यावर अशी वेळ यावी हे तुम्हालाही आवडणार नाही.

फ्लेक्सवरचा मजकूर हाही वेगळा प्रश्न आहे. त्यांनी चपला एकदा घेतल्या, एवढेच सत्य असताना ‘यांची पहिली पसंती’ असे छापले, तर ते दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अशा जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार देतो.

मग करायचे काय? त्यांच्या व्यवस्थापकाला किंवा कार्यालयाला दोन ओळींचे पत्र किंवा ई-मेल लिहा, फोटो जोडा, तो कुठे आणि किती काळ लावायचा आहे ते नेमके सांगा आणि लेखी होकार मागा. उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ नकार असाच घ्या. फोटो चौकटीत घालून घरच्या भिंतीवर लावायला कोणाची ना नाही. जाहिरातीत मात्र चपलेलाच पुढे येऊ द्या : कातडे कुठून येते, तळ किती पदरी असतो, वेणी कोण विणते, तुमच्या घरात हे काम किती पिढ्या चालत आले. पिढीजात कारागिराला सांगण्यासारखे इतके असताना दुसऱ्याच्या चेहऱ्याचा आधार घ्यावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

हाच नियम सीसीटीव्हीच्या चित्रणालाही लागू आहे, कारण मुले ते हौसेने पुढे पाठवतात. कॅमेरा चोरी टाळण्यासाठी बसवलेला असतो. त्यातला तुकडा ‘बघा आमच्याकडे कोण आले होते’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे हा त्याचा उपयोग नव्हे. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, हे तत्त्व २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या मुळाशी आहे.

प्रश्न : मी सराफी पेढीवर आहे. एक मोठे कलावंत येणार म्हणून त्यांच्या माणसांनी आधी फोन करून दुकान इतरांना बंद ठेवायला सांगितले, आणि सुमारे तीन लाखांची खरेदी रोखीने करू, असेही कळवले. मालक गोंधळले आहेत.

उत्तर : पहिल्या मागणीत गैर काही नाही. सकाळी दुकान उघडण्यापूर्वीची किंवा रात्री बंद झाल्यानंतरची वेळ द्यावी, आतली खोली असेल तर ती मोकळी ठेवावी. पण भर दुपारी बसलेल्या गिऱ्हाइकांना उठवू नये.

दुसरी मागणी मान्य करता येत नाही. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे, आणि दंड देणाऱ्याला नव्हे तर घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. बिलाचे दोन तुकडे करून किंवा दोन दिवसांच्या तारखा टाकून यातून सुटता येत नाही, कारण व्यवहार एकच राहतो. हे फोनवरच नम्रपणे सांगून टाकावे : ‘धनादेश, कार्ड किंवा बँकेतून रक्कम पाठवण्याची सोय आहे, रोख एवढी घेता येत नाही.’ कलावंत पेढीवर येऊन बसल्यावर, चार माणसांदेखत हे सांगावे लागणे दोघांनाही जड जाते. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, त्यांना भिंगातून दाखवा आणि बिलावरही लिहून द्या.

प्रश्न : मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. एका परिचित राजकीय नेत्यांचे औषध त्यांचा चालक घेऊन जातो. औषध कशाचे आहे हे चिठ्ठीवरून मला कळते. आता दोन गोष्टी झाल्या आहेत. नेत्यांच्या माणसाने, नोंदवहीत त्यांच्याऐवजी चालकाचे नाव लिहा, असे सांगितले. आणि माझ्या ओळखीचा एक वार्ताहर ‘साहेबांना नेमके काय झाले आहे’ म्हणून खोदून विचारतो आहे. मी कोणाला काय सांगू?

उत्तर : वार्ताहराला काहीही सांगू नका. ‘ते आमच्याकडून औषध घेत नाहीत’ असे खोटे सांगण्याचीही गरज नाही. ‘दुकानातल्या कोणत्याही ग्राहकाबद्दल मी बोलत नाही’ हे एकच वाक्य वापरा आणि प्रत्येकाला, अगदी घरच्या मंडळींनाही, तेच सांगा. ‘तसे काही गंभीर नाही’ असे दिलासा देणारे उत्तरही देऊ नये, कारण त्यातूनही औषध चालू आहे हे कळतेच. फार्मासिस्टने कामाच्या ओघात समजलेली रुग्णाची गुपिते बाहेर सांगू नयेत, हे २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांत घातलेले बंधन आहे. विश्वासाने मिळालेली ग्राहकाची व्यक्तिगत माहिती कायदेशीर कारणाशिवाय दुसऱ्याला सांगणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानेही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे औषधाच्या दुकानात हा नियम अधिक कडक असला, तरी कापडवाल्याला आणि सराफालाही तो आहेच.

ही माहिती वाईट हेतूने फुटते असेही नाही. लंडनमधील रिग्बी अँड पेलर या अंतर्वस्त्रांच्या दुकानाकडे १९६० पासून राणी एलिझाबेथ यांची सनद, म्हणजे राजघराण्याचे अधिकृत पुरवठादार असल्याचा मान, होती. ते दुकान अनेक वर्षे सांभाळलेल्या जून केंटन यांनी २०१७ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि राजवाड्यात मापे घ्यायला जाण्याचे प्रसंग त्यांत लिहिले. राणीबद्दल त्यांच्या मनात आदरच होता. तरीही २०१८ च्या सुरुवातीला ती सनद गेल्याची बातमी आली. जिथे माप घेतले जाते, अंगावरचे कपडे बदलले जातात किंवा आजाराची चिठ्ठी दिली जाते, तिथे कौतुकाने सांगितलेली गोष्टही ग्राहकाला उघडे पाडते.

नोंदवहीचे मात्र वेगळे आहे, आणि तिथे तुम्ही ठाम राहायला हवे. औषध अनुसूची ‘एच-१’ मधले, म्हणजे काही प्रतिजैविके, क्षयरोगाची किंवा सवय लावणारी औषधे यांच्या यादीतले असेल, तर १ मार्च २०१४ पासून त्याची स्वतंत्र नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. तीत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण लिहावे लागते, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. रुग्ण म्हणून चालकाचे नाव लिहिले, तर ती खोटी नोंद होईल, आणि तपासणीच्या वेळी जबाब तुम्हाला द्यावा लागेल. शिवाय उद्या त्या औषधाच्या एखाद्या तुकडीत दोष निघाला आणि ते परत मागवावे लागले, तर खऱ्या रुग्णापर्यंत पोहोचण्याचा मार्गच तुम्ही बंद केलेला असेल.

नेत्यांच्या माणसाला सांगा की चालकाने औषध घेऊन जायला काहीच हरकत नाही, रुग्णाने स्वतः येण्याची गरज नसते. नाव मात्र चिठ्ठीवर आहे तेच लिहावे लागेल. त्याला खरी भीती वही कोणी वाचेल याची आहे, तेव्हा त्या भीतीचे निवारण करा. नोंदवही काउंटरवर उघडी न ठेवता कपाटात कुलपात ठेवा, आणि ती तपासणीसाठी औषध निरीक्षकांना दाखवावी लागते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली जात नाही, हे त्याला समजावून सांगा. संगणकावर बिल करत असाल, तर ग्राहकाच्या बाजूला वळवलेला पडदा आत फिरवा. औषधाचे नाव मोठ्याने उच्चारून मागच्या मुलाला काढायला सांगू नका, चिठ्ठीच त्याच्या हाती द्या. पुडके बंद, अपारदर्शक पिशवीत घालून चालकाच्या हाती द्या, आणि गोळ्या कधी व कशा घ्यायच्या हे पाकिटावर लिहून द्या, म्हणजे ते चालकाला तोंडी सांगावे लागणार नाही. हे सगळे त्या नेत्यांसाठी सुरू केलेत, तर रांगेत त्यांच्या चालकामागे उभ्या असलेल्या आजोबांसाठीही तसेच करा; त्यांच्याही चिठ्ठीत त्यांना लोकांपुढे नको असलेले काहीतरी लिहिलेले असू शकते.